भिंतीकडच्या मुली

पुस्तकं बंद पडली तेव्हा चौगुले बाईंना मनातून बरंच वाटलं. अर्थात हे त्यांनी कुणापुढं कबूल केलं नसतं.

पुण्यात कुठल्याशा सर्व्हरची दुरुस्ती निघाली होती आणि मळवीवाडीच्या विद्यामंदिरातली पाचवीची सगळी पुस्तकं एकदम करडी झाली होती. पुस्तकं म्हणजे पातळशा पाट्याच. पण 'पाटी' म्हटलं की अधिकारी नाराज होत, म्हणून सगळे त्यांना पुस्तक म्हणत. करड्या पडद्यावर मजकूर होता: 'सोबती लवकरच परत येईल. तोवर पाणी प्या, डोळ्यांना विश्रांती द्या.' पोरांचं पाणी पिऊन झालं, डोळ्यांना विश्रांती देऊन झाली, आणि आता एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालायची वेळ आली तेव्हा बाईंनी कपाटामागून खडूचा डबा काढला. डब्यावर धूळ होती. फळ्यावर तर दिवाळीआधीचं 'स्वागतम्' तसंच होतं.

तृप्ती चौगुले बाईंची पूर्वी एक खोड होती. रोज फळ्यावर एक चूक त्या मुद्दाम करत. कधी गणितात, कधी नकाशात, कधी एखादी नदी उलटी वाहवून. ती चूक जो पकडेल त्यानं संध्याकाळी शाळा सुटल्याची घंटा वाजवायची. घंटा वाजवायला मिळावी म्हणून पोरं फळ्याकडं अशी बघत बसत, की मांजरानं बिळाकडं बघावं. मग 'सोबती' आलं आणि ही खोड आपोआप सुटली. पुस्तक कधीच चुकत नव्हतं. आणि कधीच न चुकणाऱ्याच्या शेजारी उभं राहून मुद्दाम चुकायची माणसाला लाज वाटते.

आज शेजारी कुणी नव्हतं. बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: तीन छेद चार अधिक एक छेद चार, बरोबर चार छेद आठ.

"बाई चुकलासा!" दाराकडच्या मुलांतून एकच कालवा झाला. शौर्य पाटील तर उभाच राहिला. बाईंच्या लहानपणी प्रत्येक वर्गात चार संदीप असत, तसे आता शौर्य असतात; या वर्गात नशिबानं एकच होता. "बाई, एक येतंय, एक! पाऊण आणि पाव, एक पुरा!"

बाई हसल्या. हसत हसत त्यांनी मान वळवली, आणि हसू तिथंच थांबलं. भिंतीकडच्या रांगेत सगळ्या माना खाली होत्या. पाचही मुली आणि त्यांच्यात बसणारा ओम वह्यांमध्ये काळजीपूर्वक लिहून घेत होते. बाईंनी वाकून पाहिलं. तनिष्का गुरवच्या वहीत सुरेख अक्षरात होतं, बरोबर चार छेद आठ. खाली पट्टीनं रेघसुद्धा मारली होती.

ही तीच तनिष्का. दुसरीत असताना तिनं इतक्यांदा घंटा वाजवली होती, की मुलांनी बाईंकडं तक्रार नेली होती: बाई, तिला एक दिवसाआड पकडायला सांगा.

"तनू, हे बरोबर वाटतं तुला?"

"फळ्यावर हाय की, बाई."

"पण तुझं तुला काय वाटतं?"

तनिष्कानं फळ्याकडं पाहिलं. मग करड्या पडलेल्या पुस्तकाकडं पाहिलं, ते काही मदत करतंय का म्हणून. "माझ्या पुस्तकात तसलं नसतंय बाई. माझ्यात भाकरीचं तुकडं असत्यात. रंगवलं की झालं."

भाकरीचे तुकडे तिसरीच्या पाठात असतात.

*

इथं 'सोबती'ची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण त्याची काही चूक नव्हती, आणि होतीही.

अवघड गणित मनात सोडवू लागलं, की माणसाच्या डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. फरक इतका बारीक, की समोरच्याला सहसा कळत नाही; पण शास्त्रज्ञांना ही गोष्ट गेल्या शतकापासून ठाऊक आहे. डोक्यावर ओझं चढू लागलं की बाहुली रुंदावते. ओझं पेलेनासं झालं आणि माणसानं नाद सोडला, की ती पुन्हा आक्रसते. म्हणजे मूल कधी कंटाळलंय, कधी झटतंय आणि कधी हात टेकणार आहे, हे सगळं त्याच्या डोळ्यांच्या मधोमध लिहिलेलं असतं. फक्त ते वाचणारा कुणी नव्हता. 'सोबती' ते वाचत असे. पुस्तकाच्या वरच्या कडेला मसुराएवढा कॅमेरा होता. बाहुली प्रमाणाबाहेर रुंदावतेय असं दिसलं, की पुस्तक त्याच क्षणी वाक्य सोपं करी, आकडे लहान करी, बाजूला चित्र काढी. मूल अडखळायच्या आतच पुढचा दगड उचलला जाई. मुलाला त्यातलं काही कळतही नसे. त्याला एवढंच कळे की आपल्याला येतंय, आणि पुस्तक म्हणतंय, "शाब्बास!"

बाईंच्या टेबलावरच्या पडद्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढं एक पट्टी असे. दोन वर्षं झाली, सगळ्या पट्ट्या हिरव्या होत्या. परीक्षाही पुस्तकच घेई, आणि तीही ज्याच्या त्याच्या बेताची. कुणी रडत नव्हतं. पोटात दुखतंय म्हणून गणिताच्या तासाला कुणी घरी जात नव्हतं. पट्टी हिरवी म्हणजे मूल ठीक चाललंय, असं बाई समजत होत्या. पट्टीचा अर्थ मात्र एवढाच होता की मुलाला जड जात नाहीये. ते कुठं पोचलंय, हे ती सांगत नव्हती.

दुपारी पुस्तकं जिवंत झाली. पुस्तक ज्याचं त्याच्याच डोळ्यांना उघडत असे, म्हणून बाईंनी शौर्यला आणि तनिष्काला शेजारी शेजारी बसवलं आणि दोघांना एकच पाठ काढायला लावला. पाठाचं नाव दोन्हीकडं एकच होतं, 'अपूर्णांकांची बेरीज'. आत एका बाजूला भाकरी होती, आणि दुसऱ्या बाजूला वेगवेगळ्या छेदांचे अपूर्णांक ओळीनं उभे होते. मग त्यांनी एकेक करून सगळ्यांची पुस्तकं पाहिली. दाराकडच्या मुलांची पुस्तकं पाचवीची होती, एकदोघांची सहावीला टेकलेली. भिंतीकडच्या मुलींची तिसरीतच घुटमळत होती.

आपण मुलगा-मुलगी कधी केलं नाही, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा अभिमान होता. मुली भिंतीकडं आणि मुलं दाराकडं, ही बसायची रीतसुद्धा त्यांनी घालून दिलेली नव्हती. ती शाळेच्या इमारतीइतकीच जुनी होती आणि कुणी तिच्याकडं पाहिलंही नव्हतं. पुस्तकानं मुलींना कमी लेखलं की काय?

पण मग ओमचं काय? ओमला दम्याचा त्रास, दारातला वारा सोसत नाही, म्हणून तो मुलींच्या रांगेत बसे. त्याच्याही पुस्तकात भाकरीच होती. बाई दारापासून भिंतीपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. भिंतीच्या मागं डोंगर होता आणि त्या बाजूला खिडकी नव्हती.

*

"मॅडम, पहिल्या दिवशीची नोंद कुठं घेतली होतीत?" पडद्यावरच्या मुलीनं विचारलं. तिचं नाव ऋजुता; 'सोबती'च्या पुण्याच्या कार्यालयातून ती शाळांच्या अडचणी सोडवत असे. चांगली होती बिचारी. बाईंचं बोलणं तिनं मधे न तोडता ऐकून घेतलं होतं.

"पटांगणात," बाई म्हणाल्या.

मळवीवाडीत सरकारी म्हणून जे जे काही होई, ते पटांगणात होई. लस, दातांची तपासणी, गणवेशाची मापं, गटशिक्षणाधिकाऱ्यांबरोबरचा फोटो. खोली अंधारी, मग माणूस काय करणार? पुस्तकं आली त्या दिवशीही पोरांना पटांगणातच रांगेत बसवलं होतं. सूचना होती, की प्रत्येक मुलाच्या डोळ्यांची नोंद एकदा भरपूर उजेडात आणि एकदा मंद उजेडात घ्यावी. बाईंनी ती तंतोतंत पाळली. एकदा उन्हात घेतली, एकदा जांभळाखाली.

ऋजुतानं डोळे मिटून घेतले. "जांभळाखाली."

"गर्द सावली आहे त्याची."

"मॅडम, डोळा फसवतो आपल्याला. उजेड शंभर पटीनं कमी झाला तरी तो बाहुली मोठी करून, स्वतःला जुळवून घेऊन, आपल्याला सांगतो की थोडं अंधारलंय इतकंच. भर दुपारी झाडाखाली जेवढा उजेड असतो ना, त्याचा शंभरावा भागसुद्धा तुमच्या त्या भिंतीकडं नसणार. अंधारात बाहुली आपसूक मोठी होते, त्याचा विचाराशी काही संबंध नसतो. पुस्तक तेवढं वजा करतं, पण त्यासाठी या मुलाचा डोळा अंधारात कसा वागतो हे त्याला एकदा दाखवावं लागतं. ते त्याला कुणी दाखवलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे भिंतीकडच्या मुली नुसत्या बसल्या, तरी पुस्तकाला वाटत होतं त्या कुठल्यातरी महाकठीण गणिताशी झुंजताहेत. मग ते सोपं करत गेलं. सोपं करूनही बाहुल्या मोठ्याच. मग आणखी सोपं."

दोन वर्षं त्या पोरी काळोखात बसून होत्या, आणि पुस्तक मायेनं त्यांचं ओझं उतरवत होतं.

ऋजुता लगेच म्हणाली, "पण काळजी करू नका, दुरुस्त होतं हे. मी पातळी हळूहळू वर नेते. रोज अगदी कणभर. दीड-दोन वर्षांत सगळ्या बरोबरीला येतील. मुलींना कळणारसुद्धा नाही की त्या कधी मागं होत्या."

"निवासी विद्यालयाची परीक्षा फेब्रुवारीत आहे."

तालुक्याच्या विज्ञान निवासी विद्यालयात पाचवीनंतर प्रवेश मिळे. बारावीपर्यंत राहणं, जेवण, प्रयोगशाळा, सगळं तिथंच. मळवीवाडीतून गेली कित्येक वर्षं कुणी गेलं नव्हतं. पण दुसरीतल्या तनिष्काला घंटा वाजवताना पाहून बाईंनी मनात ठरवून टाकलं होतं, की ही जाणार. यंदा कुणी बसावं याची शिफारस पुस्तकानंच केली होती. त्यात शौर्य होता आणि त्याच्याच रांगेतला अद्वैत होता.

"मॅडम, फेब्रुवारीपर्यंत न्यायचं तर एकदम चढवावं लागेल. त्यांना झेपणार नाही. आणि फक्त गणित येत नाही असं नाहीये ते." ऋजुता जरा अडखळली. "या मुली दोन वर्षांत एकदाही अडकलेल्या नाहीत. अडकल्यावर काय करायचं असतं, हे त्यांना माहीत नसणार. त्यांना सांगू नका, प्लीज. मोडून जातील."

पोरगी खोटं बोलत नव्हती. बाईंनी रविवारभर विचार केला. भाजी करपली, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. न सांगणं सोपं होतं आणि दयाळूही होतं. पण सगळं सोपं आणि दयाळू करत गेल्यामुळंच तर इथवर आलो, असं त्यांना वाटलं. सोमवारी त्यांनी सांगायचं ठरवलं.

*

परिपाठ झाल्यावर बाईंनी मुलींना आणि ओमला जोड्या लावून समोरासमोर बसवलं. आधी पटांगणात. "एकमेकींच्या डोळ्यांत बघा. काळी बाहुली केवढी आहे?"

"मोहरीएवढी!"

मग भिंतीकडं. थोडं थांबून पुन्हा बघायला लावलं.

"आगं बाई! मिरीएवढी झाली!" पोरी खिदळायला लागल्या. मग बाईंनी एकीला सतरा सक किती ते मनात करायला सांगितलं आणि दुसरीला तिच्या डोळ्यांत बघायला. काहींना काही दिसलं नाही. तनिष्काला दिसलं. "बाई, हालली! जराशी फुगली, आणि उत्तर आल्यावर परत बसली!" तिचा चेहरा असा उजळला होता, की बाईंना क्षणभर वाटलं, इथंच थांबावं.

त्या थांबल्या नाहीत. पुस्तक डोळ्यांत काय बघतं, अंधारात ते कसं फसलं, आणि म्हणून त्यांच्या पुस्तकात अजून भाकरी का आहेत, हे सगळं त्यांनी सरळ सांगितलं. कुणाचीही अक्कल कमी नाही, खोली अंधारी होती आणि नोंद मी चुकीच्या जागी घेतली, असंही सांगितलं. ओम म्हणाला, "मग आता बाकडी फिरवूया की," आणि त्याच्यापुरता प्रश्न मिटला.

तनिष्का उठून शौर्यच्या पुस्तकापाशी गेली. त्याला म्हणाली, उघड. त्यानं उघडलं. ती उभ्या उभ्या वाचत राहिली. एक पान, दुसरं पान. मग तिनं विचारलं, "हे तुझ्यात कधीपासनं हाय?"

"चौथीपासनं."

ती बाईंकडं वळली. "मला रोज शाब्बास म्हणत हुतं पुस्तक. मी मोजत हुतो." मळवीवाडीत मुलीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. "ते सगळं खोटं हुतं?"

"खोटं नव्हतं गं," बाई म्हणाल्या, पण ते त्यांना स्वतःलाच पटलं नाही. तनिष्कानं दप्तर उचललं आणि ती मधल्या सुट्टीची वाट न बघता घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

बाईंच्या सांगण्यावरून ऋजुतानं पुण्यातून सगळ्यांची पुस्तकं एकदम पाचवीला चढवली होती, तनिष्काच्या घरी असलेलंसुद्धा. बाकीच्या मुलींनी चार दिवसांत हे नवं पुस्तक स्वीकारलं. बाईंनी ऋजुताकडून नोंदी नव्यानं करून घेतल्या होत्या, बाकं दाराकडं तोंड करून फिरवली होती. कुरकुर झाली, एकदोघी रडल्या, पण चाललं होतं. जी मुलगी त्यांच्यात सगळ्यात पुढं होती, तिलाच सगळ्यात जास्त लागलं होतं. हे बाईंना आधी सुचायला हवं होतं.

*

शुक्रवारी शाळा सुटताना तनिष्काची आई आली. सारिका गुरव काजूच्या कारखान्यात कामाला होती. बोटं काजूच्या चिकानं काळवंडलेली. ती पायरीवर बसली, खुर्ची दिली तरी घेतली नाही.

"बाई, पोरगी हासत अभ्यास करत हुती. तुमी काय सांगितलासा तिला?"

"खरं सांगितलं, सारिका."

"कशाला?" सारिकाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी सातवीत शाळा सोडली. का म्हाईत हाय? गणितात अडकलो म्हणून गुरुजींनी फळ्यापुढं उभं केलं. तास संपस्तोवर. सगळी पोरं हासत हुती. दुसऱ्या दिवशी गेलोच न्हाई मी. तवा ठरवलंवतं, माझ्या लेकीला असं उभं राहू द्यायचं न्हाई. मग तुमचं ते पुस्तक आलं. कदी रागवंना, कदी हासंना. मी देवापुढं साखर ठिवली बाई, त्या दिवशी. आता ती परवापासनं म्हणालीय, मला काय येत न्हाई. नवं पुस्तक उघडती आन् मिटती. उघडती आन् रडती. जुनं पुस्तक परत करा तिला."

"जुन्या पुस्तकात ती पाचवीतनं सहावीत जाईल, सहावीतनं सातवीत. कुणी हसणार नाही तिला. आणि एक दिवस ते पुस्तक नसेल समोर, तेव्हा?"

"तवाचं तवा बघू."

"ती फार हुशार आहे गं."

"हुशार हाय म्हणून रडवायची?" सारिकानं विचारलं. "त्या परीक्षेला ती बसावी असं कुणाला वाटतंय बाई? तिला, का तुमाला?"

हा घाव बरोबर बसला. बाईंना खरंच ठाऊक नव्हतं. तनिष्का त्या विद्यालयात गेली तर मळवीवाडीचं नाव होईल आणि चौगुले बाईंचंही होईल, हे त्यांच्या मनात नव्हतं असं थोडंच? पटांगणात सांडलेली जांभळाची पानं वाऱ्यानं इकडून तिकडं जात होती. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी नावं कळवायची आहेत. सकाळच्या शाळेला तिला एकदा पाठव. मी एक अक्षर बोलणार नाही, ना बस म्हणणार, ना नको म्हणणार. ती रडली, तर मी माझ्या हातानं जुनं पुस्तक परत मागवते. तू म्हणशील तसं."

"शब्द?"

"शब्द."

सारिका उठली. जाताना तिनं आपली चिकट बोटं पदराला पुसली, पण डाग काही निघाले नाहीत.

*

शनिवारी सकाळची शाळा. कवायत झाली, पोरं वर्गात गेली. तनिष्का आली होती, पण वर्गात शिरली नाही. व्हरांड्यात पाय पसरून बसली आणि पुस्तक मांडीवर घेतलं. बाईंनी दिलेला शब्द आठवून तिकडं दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष करणं फार जड काम आहे. दर दोन मिनिटांनी त्यांची मान दाराकडं वळत होती.

मग 'सोबती'चा गोड आवाज आला. "तनिष्का, मला तू दिसत नाहीस. कॅमेरा पुसतेस का?"

बाहेरून फक्त काहीतरी खरवडल्याचा आवाज आला.

"तनिष्का, तू आहेस ना तिथं?"

बाईंना राहवलं नाही. हजेरी घ्यायच्या निमित्तानं त्या बाहेर डोकावल्या. तनिष्काच्या कपाळावर टिकली नव्हती. ती पुस्तकाच्या वरच्या कडेला, बरोबर कॅमेऱ्यावर चिकटवलेली होती. पुस्तकाला आता तिचे डोळे दिसत नव्हते, म्हणून आकडे लहान होत नव्हते, चित्र येत नव्हतं, वाक्य वाकत नव्हतं. गणित जसं होतं तसं पडद्यावर उभं होतं: एक टाकी दोन तृतीयांश भरलेली आहे, त्यातलं निम्मं पाणी झाडांना घातलं, मग चाळीस लिटर ओतलं, तरी टाकी भरायला वीस लिटर कमी पडले. टाकी केवढी?

तनिष्कानं कुठूनतरी खडू मिळवला होता आणि व्हरांड्याच्या फरशीवर लिहीत होती. दोन तृतीयांश वजा एक द्वितीयांश. बाईंना लांबूनच चूक दिसली. निम्मं म्हणजे निम्म्या टाकीएवढं नव्हे गं, जे आहे त्याचं निम्मं. शब्द ओठांपर्यंत आले. पंचवीस वर्षांची सवय; तोंड उघडलंच होतं.

पोरीनं उत्तर काढलं, बहात्तर. मग ते तपासून पाहिलं. दोन तृतीयांश म्हणजे अठ्ठेचाळीस, त्यातले निम्मे गेले, उरले चोवीस, चाळीस घातले, चौसष्ट. आठच कमी पडत होते, वीस नाही. तिनं तळव्यानं सगळं पुसून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागली. पुन्हा तेच झालं. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, खालचा ओठ दातांत धरलेला होता. खडूची भुकटी तिच्या नाकाला लागली होती.

"तनू," बाईंच्या तोंडून शेवटी निघालंच, "सांगू का?"

"नको बाई." तिनं वर पाहिलं नाही. "मी अजून अडकलोय."

बाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. आत पोरांनी गोंधळ मांडला होता, तो त्यांना ऐकू येत नव्हता. इतक्या वर्षांत किती पोरांना त्यांनी उत्तरं सांगितली असतील, आणि सांगताना आपण शिकवतोय असं समजल्या असतील, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

पायऱ्यांवर चपला वाजल्या. सारिका होती, कारखान्याला जायच्या आधी वाट वाकडी करून आलेली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सारिका हळूच वर चढली आणि लेकीच्या मागं उभी राहिली. फरशीभर पुसलेले आकडे, त्यांवर लिहिलेले आकडे, ते पुन्हा पुसलेले. ती बघतच राहिली.

"केव्हापासनं असं चाललंय?" तिनं कुजबुजत विचारलं.

"बराच वेळ झाला."

"आन् रडंना?"

"नाही."

सारिकानं पुन्हा लेकीकडं पाहिलं. तिचा हात एकदा पुढं झाला, पोरीच्या केसांवरून फिरवावा म्हणून, आणि मधेच मागं आला. मग ती बाईंकडं न बघता म्हणाली, "घाला नाव तिचं."

तनिष्कानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं फरशीवर एक लांब पट्टी काढली होती, टाकीसारखी, आणि तिचे तीन भाग करत होती. "आई," ती वैतागून म्हणाली, "जरा बाजूला सर की. उजेड अडवालीस."

दोघीही बाजूला झाल्या.